तारेचे दुसरे टोक

भीमाशंकरच्या देवळापाशी टांगलेली मोठी घंटा मूळची देवळातली नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि निरनिराळ्या देवस्थानांना वाटल्या गेल्या. त्यांतली एक सह्याद्रीच्या या माथ्यावर आली. ज्या युरोपातून अशा घंटा आल्या, तिथे त्यांच्याकडून आणखी एक काम घेत असत. ढग गडगडू लागले की वीज पांगावी म्हणून त्या वाजवायच्या. मनोरा गावात सर्वांत उंच, वर धातूची घंटा, खाली पावसाने भिजलेला दोर आणि तो दोर ओढणारा माणूस! म्युनिकमध्ये १७८४ साली छापलेल्या एका पुस्तकाने ३३ वर्षांचा हिशेब मांडला. ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली होती आणि घंटा वाजवणारे शंभराहून अधिक जण दगावले होते. बेंजामिन फ्रँकलिनचे पतंगाचे प्रयोग होऊन तोवर ३० वर्षे उलटली होती. मनोऱ्यावरून जमिनीपर्यंत धातूची सलग वाट नव्हती, म्हणून विजेने दोराची आणि माणसाची वाट धरली.

घाटमाथ्यावरून पूर्वेला उतरले की घोड, मीना आणि कुकडीची खोरी लागतात. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा हा मुलूख द्राक्षे, टोमॅटो आणि बिबट्यांसाठी ओळखला जातो. पण दळणवळणाच्या इतिहासातही त्याची जागा मोठी आहे. परदेशी बोलण्यासाठी भारताने उभारलेले उपग्रहाचे पहिले व्यावसायिक भूकेंद्र इथल्या आर्वीला आहे, आणि जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक खोडदला. दोन्ही ठिकाणी पाहुण्यांच्या नजरा वर, तबकडीकडे जातात. खाली जमिनीत काय पुरले आहे हे सहसा कोणी विचारत नाही. कोणत्याही अशा केंद्राची निम्मी कहाणी मात्र त्या खड्ड्यांत असते.

यंत्राचे एक टोक जमिनीत सोडण्याची कल्पना सुरक्षेसाठी निघाली नव्हती, काटकसरीतून निघाली. १८३८ मध्ये म्युनिकचा कार्ल आउगुस्ट श्टाइनहाइल रेल्वेचे रूळच तारायंत्राची तार म्हणून वापरता येतील का, हे तपासत होता. रूळ जमिनीला टेकलेले, त्यामुळे वीज वाटेतच मातीत पसरू लागली. प्रयोग फसला. पण मातीतून वीज इतकी सहज जात असेल तर परतीची तार टाकायचीच कशाला, हे त्याच्या लक्षात आले. एक तार वर खांबांवर, दुसरी म्हणजे साक्षात पृथ्वी. तारांचा खर्च एकदम निम्मा झाला. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनी हुगळी नदीच्या पाण्याला मंडलाचा भाग करून संदेश पाठवून पाहिले. त्यांच्याच देखरेखीखाली मुंबई, आग्रा आणि कलकत्ता तारेने जोडले गेले आणि फेब्रुवारी १८५५ पासून ही सोय सामान्य लोकांना खुली झाली. पुण्यावरून मद्रासकडे जाणारी तारही याच पहिल्या जाळ्यातली. खांबांवरून जाड लोखंडी गज गेलेला आणि प्रत्येक कचेरीत त्याचे दुसरे टोक जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडलेले. दख्खनच्या कातळात त्यासाठी ओल टिकणारी जागा शोधणे हा तारमास्तरांचा कायमचा उद्योग असणार.

जमीन फुकटची तार असली तरी ती मालकीची नव्हती. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रविवारी सूर्यास्तानंतर मुंबईच्या आकाशात अरोरा दिसला. ध्रुवाजवळ दिसणारा हा प्रकाश इतक्या दक्षिणेला दिसणे म्हणजे सूर्यावरून मोठे चुंबकीय वादळ आल्याची खूण. त्या रात्री समुद्राखालची तार आणि सरकारी तार दोन्ही काही तास बिघडल्या. पृथ्वीतच प्रवाह वाहू लागले होते, आणि पृथ्वी ही तर मंडलाची निम्मी बाजू.

मुंबईत जमिनीतल्या विजेने एका वेधशाळेला गाव सोडायला लावले. कुलाब्याच्या वेधशाळेत १९ व्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ मधल्या प्रसिद्ध सौर वादळाचे मोजमापही तिथे झाले आहे. मग शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो, पण रुळांतला काही वाटा जमिनीत निसटतोच. असा भटका प्रवाह चुंबकसूचींना हलवणार हे उघड होते. संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या, दोन वर्षे दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी ताडून पाहिले आणि मग कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. मुंबईची पहिली विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. एखादी सार्वजनिक सोय येण्याआधीच तिच्या उपद्रवाचा बंदोबस्त झाल्याची उदाहरणे आपल्याकडे मोजकीच. हे त्यांतले एक.

टेलिफोनलाही हीच अडचण आली. मुंबईत १८८२ मध्ये एक्स्चेंज सुरू झाले, त्या काळी जगभर टेलिफोन एकाच तारेवर आणि जमिनीवर चालत. तारायंत्राला टकटक तेवढी ऐकू आली की पुरे. कानाला मात्र शेजारच्या तारेवरचे बोलणे, गुणगुण, खरखर सगळे ऐकू येते. म्हणून हळूहळू प्रत्येक टेलिफोनला तारांची जोडी मिळाली आणि वाट म्हणून जमिनीची गरज संपली. जमीन तरीही सुटली नाही, तिचे काम बदलले. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या ४८ व्होल्टच्या असतात आणि त्यांचे धन टोक जमिनीला बांधलेले असते. हे उलटे का, असा प्रश्न नव्या तंत्रज्ञाला पडतोच. कारण साधे आहे. ओल्या जमिनीत तांब्याची तार जमिनीच्या मानाने धन राहिली तर तिचे तांबे झिजत जाते. ऋण राहिली तर टिकते. आज मोबाइल टॉवरखालच्या खोलीतही उणे ४८ व्होल्ट चालतात, ते त्या जुन्या तारा वाचवण्याच्या युक्तीमुळे.

पुणे जिल्ह्याला परदेशी बोलण्याची जुनी सवय आहे. १९२७ मध्ये इंग्लंडशी लघुलहरींवरून तारसंदेशांची बिनतारी सेवा सुरू झाली, तिचे प्रक्षेपण खडकीहून आणि ग्रहण दौंडहून होई. स्वातंत्र्याच्या वर्षी ही सेवा चालवणारी कंपनी सरकारने घेतली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस जन्मली. पण लघुलहरी आकाशाच्या लहरीवर अवलंबून. लंडनचा ट्रंक कॉल लागला तरी आवाज मध्येच बुडायचा.

आर्वीचे केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले आणि हे चित्र पालटले. जुन्नर तालुक्यातल्या या गावाभोवती डोंगर आहेत आणि शहरांच्या रेडिओ गोंगाटाला ते अडवतात. सुमारे ३० मीटर व्यासाची तबकडी हिंदी महासागरावरच्या, ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या इंटेलसॅट उपग्रहाकडे रोखली गेली. या कामामागे विक्रम साराभाईंचा आग्रह होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले आणि केंद्राला विक्रम हे नाव मिळाले. इतक्या दुरून येणारा संदेश अतिशय क्षीण. तो ऐकणारे यंत्र तितकेच नाजूक, आणि ते बसवायचे माळावरच्या सर्वांत उंच लोखंडी सांगाड्यात, म्हणजे विजेला आमंत्रण द्यावे अशाच जागी. बाहेरच्या तडाख्यासाठी जाड पट्टी जमिनीत उतरवायची आणि आतल्या यंत्रांसाठी जमिनीचे शून्य स्थिर ठेवायचे, अशी दोन्ही कामे एकाच खड्ड्याकडून करून घ्यायची होती.

खड्डा म्हटला की गोष्ट मातीवर येते. पुरलेल्या धातूतून वीज किती सहज पसरेल हे मातीचा रोध ठरवतो, आणि या दोन तालुक्यांत माती कोसाकोसावर बदलते. नारायणगावच्या बागायतीत काळी माती, ओली असताना उत्तम वाहक. तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. या पाषाणाचा रोध चिकणमातीच्या शेकडो पटींनी जास्त असू शकतो. पश्चिमेला भीमाशंकरकडे जावे तर माथ्यावर जांभा, मातीचा थर पातळ आणि पाऊस इतका की खड्ड्यात घातलेले मीठ धुऊन जाते. काळी मातीही पूर्ण भरवशाची नाही. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात आणि पुरलेल्या पत्र्याला तिने धरलेला हात सुटतो.

अर्थिंगचा जुना खड्डा कसा असतो? माणूस उतरेल एवढा खणायचा, तळाशी ६० सेंटिमीटर लांबीरुंदीची तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची प्लेट उभी ठेवायची, भोवती कोळशाचा आणि मिठाचा आळीपाळीने थर द्यायचा. कोळसा ओल धरतो, मीठ ओलीला वाहक बनवते. वर लोखंडी पाइप आणि पाणी घालायला नरसाळे, त्यावर विटांची चौकट आणि झाकण. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये या सगळ्याची मापे आहेत. १९६६ मध्ये ते आले, १९८७ आणि २०१८ मध्ये सुधारले. मीठ धातू खाते आणि पावसात वाहून जाते, म्हणून आता बेंटोनाइटसारखी फुगणारी माती घालतात. खडक लागला तर एक खोल खड्डा खणण्याचा हट्ट सोडून जमिनीलगत लांब पट्टी पुरतात किंवा इमारतीभोवती कडे करतात. मग अर्थ मेगर हे मापकयंत्र लावून रोध मोजायचा.

हा आकडा कोणत्या महिन्यात घेतला, यावर मात्र बरेच अवलंबून आहे. भीमाशंकरला धो धो पाऊस पडतो तो आषाढ-श्रावणात, पण त्या पावसात गडगडाट कमी असतो. विजा कडाडतात वळवात, चैत्र-वैशाखाच्या दुपारी, आणि पुन्हा हस्ताच्या परतीच्या पावसात. वळवाची वीज पडते तेव्हा जमीन वर्षातली सर्वांत कोरडी असते. श्रावणात मोजलेला देखणा आकडा वैशाखात उपयोगी नाही, आणि कामाची बिले मात्र बहुधा श्रावणातल्या आकड्यावरही मंजूर होतात.

१९८० च्या दशकात एक्स्चेंज खेड्याकडे निघाले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने वातानुकूलनाशिवाय चालणारे छोटे ग्रामीण एक्स्चेंज तयार केले आणि तालुक्याच्या गावांपलीकडे डायल टोन पोहोचला. त्याच्यासोबत इलेक्ट्रॉनिक कार्डेही पोहोचली. जुने यांत्रिक एक्स्चेंज विजेचा धक्का पचवत असे. सिलिकॉनची चिप नाही. लोखंडी खांबांवरून शेतांवर ताणलेली मैलभर तार जवळपास पडलेल्या विजेचा झटका गोळा करून आत आणायची. तारा जिथे इमारतीत शिरतात त्या एमडीएफच्या फळीवर प्रत्येक जोडीला वायूभरली छोटी नळी असे. विजेचा दाब वाढला की आतला वायू वाहक होतो आणि झटका जमिनीत जातो, अर्थात त्या फळीचे अर्थिंग जिवंत असेल तर. वळीव झाला की गावातले निम्मे फोन डेड, हा अनुभव त्या पिढीच्या ग्राहकांना आहे. लाइनमनला शिव्या पडत, पण दोष पुष्कळदा एमडीएफखालच्या गंजलेल्या नटात असे.

दरम्यान आर्वीच्या शेजारी खोडदला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभी राहत होती. स्वरूप यांचा महाराष्ट्रातला पहिला डाव १९६५ चा, कल्याणला ३२ छोट्या तबकड्यांचा. खोडदला त्यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या केल्या. १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये आणि उरलेल्या १६ इंग्रजी वायच्या आकारात, शेतांमधून, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. तबकडीला सलग पत्रा नाही. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणलेली, त्यामुळे वारा आरपार जातो आणि वजन व खर्च दोन्ही वाचतात. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते तिचे राष्ट्रार्पण झाले.

सगळ्या तबकड्यांनी एकच डोळा म्हणून काम करायचे तर त्यांना जोडणारी तार हवी. ती तांब्याची असती तर काय झाले असते, याचा हिशेब कागदावर मांडता येतो. विजेच्या एका झटक्यात ३०,००० अँपिअरच्या आसपास प्रवाह असतो. १०० ओहम-मीटर रोधाच्या मातीत तो उतरला, तर १०० मीटरवरची जमीनही क्षणभर सुमारे ४,८०० व्होल्टने वर उचलली जाते, एक किलोमीटरवरची जवळपास ४८०ने. म्हणजे दोन तबकड्यांचे शून्य त्या क्षणी वेगवेगळे असते, आणि त्यांना तांब्याने जोडले तर हा सगळा फरक तारेच्या दोन टोकांना बसवलेल्या यंत्रांवर येतो. झाडाखाली गाय मरते आणि शेजारचा गुराखी वाचतो, त्याचे गणितही हेच. दहा मीटरवर वीज पडली आणि गाईचे पुढचे-मागचे पाय त्या दिशेने दीड मीटर अंतरावर असले तर तिच्या अंगातून सहा हजार व्होल्टचा फरक जातो. माणूस पाय जुळवून उकिडवा बसला तर त्याच्या वाट्याला फारच थोडा येतो.

खोडदला तबकड्या मध्यवर्ती इमारतीशी प्रकाशतंतूने जोडल्या. काचेतून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे प्रत्येक तबकडी आपापल्या जमिनीवर उभी राहते आणि दुसरीच्या जमिनीशी तिचा झगडा राहत नाही. भारतात प्रकाशतंतू नवाच होता तेव्हाची ही निवड. दूर पल्ल्यावर संदेश नासत नाही हे तिचे मुख्य कारण, पण विजेपासून सुटका हाही लहान लाभ नव्हे. अशा दुर्बिणीला इतर विजेचाही त्रास असतो. रेडिओ खगोलशास्त्रात मोजमापाचे एकक जान्स्की. एक जान्स्की म्हणजे एक या आकड्याआधी दशांश चिन्हानंतर २५ शून्ये, इतके वॉट दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला. एवढे क्षीण ऐकणाऱ्या यंत्राजवळ महावितरणच्या खांबावरचा सैल क्लॅम्प किंवा तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर ठिणग्या टाकू लागला, तर ती खरखर आकाशगंगेपेक्षा मोठी ठरते. गावकऱ्यांच्या लाइटचा आणि विश्वाच्या अभ्यासाचा असा थेट संबंध खोडदसारख्या मोजक्याच ठिकाणी येत असेल.

घाटमाथ्याकडच्या गावांत जाळे उशिरा पोहोचले, आणि तिथेच त्याची गरज जिवावरची आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसे गेली, आणि गाव दिसेनासे झाल्याची बातमी बाहेर गेली ती एसटीच्या एका चालकामुळे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली होती. पुढे तिचे नाव भारतनेट झाले आणि महाराष्ट्रात महानेट तिच्या जोडीला आले. आता ग्रामपंचायतीच्या एका कोपऱ्यात लोखंडी रॅक, त्यात प्रकाशतंतूचे टोक जिथे येते ती ओएनटी पेटी, स्विच, बॅटरी, असा संसार असतो.

प्रकाशतंतू आला म्हणजे विजेची भीती गेली, हा समज इथे घात करतो. काच वीज वाहत नाही, पण उंदरांपासून बचावासाठी केबलवर चढवलेले पोलादी कवच वाहते; ते इमारतीत शिरतानाच जमिनीला बांधावे लागते. छतावरच्या सौर पॅनेलची चौकट आणि महावितरणची जोडणी, या आणखी दोन वाटा. रॅक बसवताना पहिली जोडणी अर्थची आणि काढताना सुटणारी शेवटची जोडणीही अर्थचीच. रंगावर बोल्ट कसला तर तो दिसायला घट्ट आणि विजेसाठी तुटलेला, म्हणून तेवढ्या जागेचा रंग खरवडून दातेरी वॉशर घालायचा. हिरवी-पिवळी वायर शक्य तितकी आखूड आणि सरळ न्यायची. उरलेल्या वायरचे नीटनेटके वेटोळे करून बांधण्याची सवय इथे महागात पडते, कारण झपाट्याने वाढणाऱ्या प्रवाहाला सरळ वायरचा एक मीटरही १०,००० व्होल्टपर्यंत अडवू शकतो. वेटोळ्यात तो अडथळा आणखी वाढतो. कार्ड हातात घेण्याआधी मनगटाला पट्टी बांधायची, तिचे दुसरे टोक रॅकला. कोरड्या हवेत माणसाच्या अंगावर काही हजार व्होल्ट साठतात आणि त्याला कळतही नाही; चिपला शंभराहून कमीही पुरतात. पट्टीत एक मेगाओहमचा रोध असतो, तो माणसाला शॉक बसू नये म्हणून.

एवढे करूनही वाद होतो तो दोन खड्ड्यांवरून. वीजवाल्याचा खड्डा इमारतीच्या एका अंगाला, नेटवर्कवाल्याचा दुसऱ्या अंगाला, आणि दोघांचेही म्हणणे असते की आपले अर्थिंग दुसऱ्याच्या विजेने खराब व्हायला नको, म्हणून वेगळे असू द्या. वीज पडली की एक खड्डा वर उचलला जातो, दुसरा तिथेच राहतो, आणि त्यांच्यामधला फरक सोसायला मध्ये असतो तो दोघांनाही जोडलेला एकमेव ऐवज: रॅकमधला स्विच, ज्याची पॉवर एका खड्ड्यावर आणि बॉडी दुसऱ्यावर आहे. खड्ड्याचा रोध पाच ओहमवरून एकवर आणला तरी ३०,००० अँपिअरला तो ३०,००० व्होल्टने वर जाणारच. सगळे एकत्र वर गेले तर मात्र कशाचेच काही बिघडत नाही. आयएस ३०४३ मध्येही इमारतीतली अर्थिंगे परस्परांना जोडलेली असावीत असेच आहे. त्यासाठी दोन खड्ड्यांमध्ये जस्त चढवलेल्या लोखंडाची एक पट्टी पुरावी लागते आणि रॅक, बॅटरीचे धन टोक, केबलचे कवच, सौर चौकट, मीटरबोर्ड हे सगळे एका तांब्याच्या बसबारवर आणावे लागतात. बहुतेक ठिकाणी हे काम अर्ध्या दिवसाचे असते.